तारीख काकांची चार पानं

तारीख काका दुधाची पिशवी आणि कायदा एकाच नजरेनं बघायचे. पिशवी हातात आली की चष्मा कपाळावर, पिशवी नाकाजवळ आणि आधी तारीख. कायद्याचंही तसंच. कोणी म्हणालं, काका, अमक्या कायद्यात असं असं लिहिलंय, की ते पहिलं विचारायचे, "कधीपर्यंतचं?" समोरचा गोंधळायचा. कायद्याला कसली आली तारीख, एकदा झाला तो झाला, असंच आपल्याला वाटतं. मलापण वाटायचं. काका म्हणायचे, "दूध घेताना बघतेस ना गो? मग घर जायची पाळी आली तर कायदा घेताना का नाही बघत? तोपण नासतो."

त्यांचं खरं नाव मला खूप नंतर कळलं, ते मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नया नगरमध्ये सलीमभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, आधार, पासपोर्ट फोटो, लाइट बिल, सगळं तिथे होतं. त्या दुकानात मागच्या बाजूला दुसरा कॉम्प्युटर, तिथे काका बसायचे. नोकर नव्हते आणि मालकपण नव्हते. कोर्टात टायपिस्ट होते, रिटायर झाले, घरी बसवेना म्हणून इथे येऊन बसले, एवढंच. मूळचे रत्नागिरीकडचे. दहाही बोटांनी टाइप करायचे, बोटांकडे न बघता, आणि तेवढ्यात शेजारच्याशी बोलायचेपण. सलीमभाई वैतागायचे. "काका, गिऱ्हाईक खडा है और आप तारीख देख रहे हो." काका मान वर न करता म्हणायचे, "सलीम, गिऱ्हाईक खडा है तो खडा रहने दे, गलत कागज लेके गया तो लेट जाएगा."

मी तिथे गेले ते स्वराचं आधार करायला. स्वरा माझी मुलगी, चार वर्षांची. पिशवीत आधारच्या कागदांबरोबर ती नोटीसपण होती, कारण ती नोटीस मी घरात ठेवायचीच नाही, घरात ठेवली तर ती खरी होईल असं वाटायचं. सलीमभाईंना कागद देताना तीच आधी हातात आली. त्यांनी ती वाचली आणि मागे वळून म्हणाले, "काका, ये आपका वाला है."

नोटीस सासूबाईंची होती. म्हणजे माझ्याच सासूबाईंची, ज्यांच्याबरोबर मी त्याच एका खोलीत राहत होते, सकाळी त्यांना चहा देऊन बाहेर पडले होते. खोली त्यांच्या नावावर. माझा नवरा दोन वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून वापीला गेला आणि मग फोन कमी झाले आणि मग बंद झाले. धाकट्या दिराला खोली विकून विरारला फ्लॅट घ्यायचा होता. त्यानं सासूबाईंकडून ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली अर्ज करून घेतला होता की सून त्रास देते, तिला घराबाहेर काढा. मी आठवीपर्यंत शिकलेय. नोटीस मराठीत होती तरी मला त्यातलं एवढंच कळलं की मला आणि स्वराला जावं लागणार, आणि कुठे ते त्यात लिहिलेलं नव्हतं. माहेरी महाडकडे भावाची एक खोली, त्यात त्याची चार माणसं.

काकांनी नोटीस दोनदा वाचली. मग मला म्हणाले, "बस बाय. पाणी पी. आधी श्वास घे, तू पळत आल्यासारखी बोलतेस." मी पळत नव्हते आले, मी बोलतेच तशी. भीती वाटली की माझं एक वाक्य संपतच नाही.

मग त्यांनी सरकारची कायद्यांची साइट उघडली. ती उघडायला इतका वेळ घ्यायची की स्वरा तेवढ्यात झोपून जायची. बाकी साइट पटकन उघडतात, हे मी मोबाइलवर बघितलेलं, म्हणून मी विचारलं. काका म्हणाले, "शोधायचं कुठेही. उतरवायचं इथूनच." त्यांची पद्धत अशी की आधी दुसऱ्या साइटवर शब्द टाकून शोधायचे, काय काय आहे त्याचा अंदाज घ्यायचे, आणि मग सरकारी साइटवर जाऊन तोच कायदा, तेच कलम पुन्हा काढायचे, अक्षर न् अक्षर ताडून बघायचे. त्यात पानाच्या खाली बारीक अक्षरात टिपा असतात, हा शब्द अमक्या साली बदलला, हे पोटकलम वगळलं, अमक्या दिवसापासून लागू. लोक वरचं वाचतात आणि निघतात. काका खालून सुरुवात करायचे. आणि प्रिंट काढली की पानाच्या तळाला साइटचा पत्ता आणि काढल्याचा दिवस छापून आला पाहिजे, नाही आला तर पुन्हा काढायचे.

एकदा एक माणूस ऐटीत आला, बहिणीला सासरचे छळतात, चारशे अठ्ठ्याण्णव अ लावायचंय म्हणाला. काका म्हणाले, "ते आता तिथे राहत नाही." तो म्हणाला, कोण? काका म्हणाले, "कलम. पत्ता बदललाय त्याचा. भारतीय न्याय संहिता, दोन हजार तेवीस, कलम पंच्याऐंशी. जुन्या दारावर थाप मारत बसाल तर शेजारी सांगतील, गेले ते सोडून." आणि लगेच त्याला विचारलं की छळ कधीचा, कारण नवीन कायदा एक जुलै चोवीसपासून, त्याआधीचं असेल तर जुनंच दार बरोबर. माणूस ऐट विसरून खाली बसला.

मला वाटायचं ह्यांना हा छंद आहे, जसा कोणाला पत्त्यांचा असतो. मग एक दिवस सलीमभाई नमाजला गेले होते, दुकानात आम्ही दोघं आणि स्वरा, तेव्हा काका आपणहून बोलले. नोकरीत असताना संध्याकाळी बाहेर कोणाकोणाचे अर्ज टाइप करून द्यायचे. एका भाडेकरूचा अर्ज त्यांनी पाठ असलेल्या जुन्या भाडे कायद्याखाली टाइप केला. नवा कायदा लागू होऊन काही महिने झाले होते. अर्ज परत आला, दुसरा करेपर्यंत मालकानं कुलूप तोडून सामान रस्त्यावर काढलं. काका म्हणाले, "पावसात त्याची गादी मी बघितली. मला वाटत होतं मला पाठ आहे. पाठ असणं लई वाईट." ते एरवी "लई" म्हणायचे नाहीत.

माझ्यासाठी त्यांनी दोन कायदे काढले. एक सासूबाईंचा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा, दोन हजार सातचा छप्पन्न. दुसरा माझा, घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण, दोन हजार पाचचा त्रेचाळीस. म्हणजे त्या साली झालेला कितवा कायदा तो आकडा. मला आधी हे रेशनच्या नंबरासारखं वाटायचं. काका म्हणाले, "नाव पूर्ण, साल, कितवा, मग कलम, मग पोटकलम. कोकणात जाऊन नुसतं 'पांडुरंगाला बोलवा' म्हणालीस तर अर्धा गाव येईल. घराणं सांगावं लागतं." माझ्या कायद्यातलं कलम सतरा म्हणतं की बाईला नवऱ्याबरोबर राहिलेल्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो नसो. सासूबाईंच्या कायद्यातही एक कलम सतरा होतंच. त्यात लिहिलंय की तिथे कोणाच्याच बाजूनं वकील उभा राहणार नाही.

म्हणजे मला स्वतःलाच बोलायचं होतं. ठाण्याला, प्रांतसाहेबांसमोर. मी बँकेत स्लिप भरतानासुद्धा मागच्याला विचारते.

काकांनी काय केलं, तर माझ्या कायद्यातलं ते कलम सतरा मला हातानं उतरवायला लावलं. इंग्रजीत होतं ते त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी वहीत लिहिलं, एकदा नाही, अकरा वेळा. "हाताला कळलं की तोंडाला कळतं," म्हणायचे. दुसऱ्या पोटकलमाच्या शेवटी आहे की कायद्यानं ठरवलेली रीत पाळून मात्र बाहेर काढता येतं. ते मी पटकन लिहून पुढे जायचे. काका बोट ठेवायचे. "हे गिळू नको. तुझ्या बाजूचं नाही म्हणून ते पुसलं जात नाही. त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग, आणि मग निकाल दाखव." निकाल म्हणजे त्यांनी सुप्रीम कोर्टाचा एक शोधला होता, तीन न्यायाधीशांचा, की म्हाताऱ्यांचा कायदा लावून सुनेचा राहायचा हक्क असाच उडवता येत नाही, दोन्ही कायदे जुळवून वाचायचे. तो निकाल पुढे कोणी बदललाय का ते बघायला त्यांनी दोन दिवस घालवले.

वही झाली की तालीम. काका चष्मा नाकाच्या टोकावर ओढून साहेब व्हायचे. "बोला बाई, कोणत्या कायद्यान्वये?" मी सुरू करायचे आणि अडकायचे, आणि टेबलाखाली झेरॉक्सच्या रद्दीवर चित्रं काढत बसलेली स्वरा खालून सांगायची, "दोन हजार पाचचा त्रेचाळीस." सलीमभाई हसायचे. "काका, माँ को छोडो, बेटी को भेज दो." काका म्हणायचे, "बेटीचं वय भरत नाही, नाहीतर पाठवली असती." त्या दिवसांत मी हसायचे, हे मला आता आठवलं की विचित्र वाटतं.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि मी ऐकली नाही. ते म्हणाले, "हा कायदा नुसता दाखवायचा नाही. ह्याखाली तू आधी स्वतः अर्ज कर, मॅजिस्ट्रेटकडे. महिलांसाठी संरक्षण अधिकारी असतात, मी पत्ता काढून देतो. अर्ज तिथे पडलेला असेल तर इथे तुझ्या बोलण्याला वजन येईल." मी नाही म्हटलं. नवऱ्यावर केस टाकली तर तो कधीच परत येणार नाही, असं मला वाटत होतं. काका प्रत्येक आठवड्याला विचारायचे, "केलास?" मी म्हणायचे, करते. शेवटी म्हणाले, "बाय, तो येईल तेव्हा कुठे येईल? घर तर पाहिजे ना त्याला यायला." मी रडले, पण अर्ज नाही केला.

तारखेच्या आदल्या दिवशी काकांनी मला कागद दिले. चार पानं. एक पान कलमाचं, एक 'सामायिक घर' म्हणजे काय त्या व्याख्येचं, दोन पानं निकालातली, ज्यातला परिच्छेद पाहिजे त्याला पेन्सिलनं उभी रेघ. टाचणी लावलेली. मी हातात धरून बघत राहिले. दिराची फाइल मी घरात बघितली होती, सासूबाईंच्या उशाशी असायची, इतकी जाड की तिला दोरी बांधलेली. मी विचारलं, "काका, एवढंच?"

"एवढंच आहे," ते म्हणाले. "आहे ते खरं आहे."

घरी आले तर जीव थाऱ्यावर नाही. चार पानं, आणि तिकडे दोरी बांधलेली फाइल. आमच्या मजल्यावर रेशमा भाभी राहते, ती चांगली आहे, तिनं माझ्या भल्यासाठीच केलं. म्हणाली, "अरे इसमें पूछ ले, सब बताता है," आणि तिच्या मोबाइलमधलं ते, प्रश्न विचारला की उत्तर देणारं, मला उघडून दिलं. मी बोलून विचारलं की सासूला सुनेला घरातून काढता येत नाही असा निकाल पाहिजे. त्यानं लगेच दिला. एक नाही, तीन. कोणाविरुद्ध कोण, साल, नंबर, आणि असं छान लिहिलेलं की जसं माझीच गोष्ट ऐकून कोणी लिहिलंय, त्यात लहान मुलगीपण होती. मला वाटलं काकांना हे सापडलं नाही, वय झालंय, साइट हळू आहे. भाभीच्या भावाच्या दुकानातून प्रिंट काढल्या, बावीस पानं झाली. काकांच्या चार पानांच्या वर लावली. काकांना फोन केला नाही, कारण हे कुठून उतरवलं असं ते विचारतील हे मला माहीत होतं.

सकाळी घोडबंदरच्या रस्त्यानं ठाण्याची बस धरली. सासूबाई आणि दीर रिक्षानं पुढे गेले होते. स्वराला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून ती बरोबर. ऑफिसच्या बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून स्वराला दिला आणि मला म्हणाल्या, "सकाळपासून तिच्या पोटात काही घातलंस का?" असं सगळं होतं. त्या वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आत साहेबांनी माझे कागद घेतले. चांगले होते, ओरडले नाहीत. वरचं पान वाचलं, भुवई उचलली, म्हणाले, "हा तर अगदी तुमच्यासारखाच निकाल आहे." मला इतका आनंद झाला की मी स्वराचा हात दाबला. त्यांनी नंबर बाजूच्या कारकुनाला सांगितला. त्यानं कॉम्प्युटरवर टाकला. मग परत टाकला. मग दुसऱ्याचा टाकला, मग तिसऱ्याचा. त्या नंबरावर दुसऱ्याच कोणाचं तरी जमिनीचं प्रकरण निघालं. बाकी दोन नव्हतेच. कुठेच नव्हते.

"बाई, हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "मोबाइलवरनं."

मागे कोणीतरी हसलं. दीर नाही, दीर बिचारा खाली बघत होता. साहेब म्हणाले, "खोटा निकाल दाखल करणं किती गंभीर आहे माहीत आहे का? पदरात मूल आहे म्हणून मी पुढे काही करत नाही." आणि सगळाच गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, चार पानांसकट. मग म्हणाले, "तोंडी काही सांगायचं आहे का? कोणत्या कायद्याखाली तुम्ही हक्क मागताय?"

अकरा वेळा लिहिलेलं. माझ्या डोळ्यासमोर वहीची रेघ न् रेघ होती, पण तोंड उघडलं की गुन्हा होईल असं वाटत होतं, आता हेही खोटं निघालं तर स्वराला कोण बघेल. आणि माझ्या कमरेजवळून स्वरा हळू म्हणाली, "दोन हजार पाचचा त्रेचाळीस."

साहेबांनी वाकून विचारलं, "काय म्हणते ही?"

मी म्हटलं, "काही नाही साहेब."

मग त्यांनी विचारलं, महिलांच्या कायद्याखाली तुमचा कुठे अर्ज आहे का? मी म्हटलं, नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. ऑर्डर पंधरा दिवसांनी आली. तीस दिवसांत खोली खाली करा, नाही केली तर पोलिसांची मदत घेतली जाईल, आणि सुनेला दुसऱ्या कोर्टात जायची मोकळीक आहे.

ऑर्डर घेऊन मी काकांकडे गेले ते दारातच उभी राहिले. आत जायचं धाडस नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "अंदर आ जा बेटा, वो पूछ रहे थे." काकांनी ऑर्डर वाचली. मग म्हणाले, ती बावीस पानं दाखव. मी दिली. मला वाटलं आता बोलतील, बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पहिलं पान उलटं केलं, तळाला बघितलं. तिथे काहीच छापलेलं नव्हतं, पत्ता नाही, दिवस नाही, पांढरं. ते त्यांना तिथेच कळलं असणार. तरी त्यांनी साइट उघडली आणि तो निकाल शोधायला लागले. नावानं, नंबरानं, सालानं. मग साल एक मागे, एक पुढे. मग नावाचं स्पेलिंग बदलून. मग हायकोर्टांच्या साइटवर, एकेक करून. दीड तास. गिऱ्हाईकं आली, गेली. मी म्हटलं, "काका, नाहीये ते. साहेबांनी बघितलं."

ते म्हणाले, "असलं तर? न बघता नाही कसं म्हणू?"

तिन्ही शोधून झाले तेव्हा चष्मा काढून डोळे पुसले. मला म्हणाले, "फार चांगले लिहिले होते गो. असते तर तू जिंकली असतीस."

मग अपील बघितलं. सासूबाईंच्या कायद्याचं कलम सोळा. त्यांनी ते तीनदा वाचलं, खालच्या टिपापण वाचल्या, आणि मराठीत सांगताना पहिल्यांदाच अडखळले. अपील करायचा हक्क ज्येष्ठ नागरिकाला किंवा आईवडिलांना, असंच लिहिलंय. सुनेचा शब्दच नाही. "काही कोर्टांनी वेगळं म्हटलेलं दिसतंय," ते म्हणाले, "पण आपल्या इथलं ठाम असं मला सापडत नाही, आणि नाही सापडत ते मी तुला लिहून देणार नाही. हायकोर्टात जावं लागेल. तिथे वकील लागेल." एक कागद घेऊन त्यावर हातानं लिहिलं: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, १९८७ चा ३९, कलम १२, खंड ग, स्त्री. म्हणजे बाईला वकील फुकट मिळतो, ती कमावती असो नसो. "हा कागद दाखव. आणि तो मॅजिस्ट्रेटकडचा अर्ज उद्याच्या उद्या." मी हो म्हटलं. निघताना त्यांनी स्वराला विचारलं, "काय गो, साहेबांसमोर बोललीस म्हणे?" स्वरा म्हणाली, "आईनं काही नाही म्हटलं." काका माझ्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागले, कॉम्प्युटरची वायर नीट करत बसले.

त्यानंतर सहाव्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. सातव्या दिवशी सलीमभाईंनी सांगितलं, अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा दुबईला, म्हणून काकी त्यांना गावी घेऊन गेल्या. त्यांच्या खुर्चीवर सलीमभाईंनी कोणाला बसवलं नाही, पण कॉम्प्युटरवर आता लाइट बिलं भरतात.

मी अर्ज केला. दोन्ही केले, मॅजिस्ट्रेटकडचा आणि फुकट वकिलाचा. फुकट वकील देतात त्या ऑफिसात मॅडम चांगल्या आहेत, काकांचा कागद बघून म्हणाल्या, "हे कोणी लिहून दिलं? इतकं स्वच्छ कोणी लिहीत नाही." पण मॅजिस्ट्रेटकडची पहिली तारीख पडली ती घर खाली करायच्या दिवसानंतर नऊ दिवसांनी. मॅडम म्हणाल्या, त्याआधी स्थगिती मागायचा प्रयत्न करते, पण भरवसा नाही. आणि म्हणाल्या की तोपर्यंत तुम्ही घरातच राहायचं की आपणहून निघायचं ते तुम्ही ठरवा, राहिलात तर पोलीस येतील, निघालात तर परत आत जाणं कठीण. ते मला कोण सांगणार? सासूबाई काल विचारत होत्या, "छोटा कुकर नेणार असशील तर ने, मला एकटीला मोठा पुरेल." त्या दिराकडे जाणार, तरी एकटीला म्हणाल्या.

आज दुपारी सलीमभाईंकडून गावचा नंबर घेतला आणि फोन लावला. खोली खाली करायची शुक्रवारी, त्याला चार दिवस आहेत. काकींनी उचलला. म्हणाल्या, "ऐकू येतं त्यांना, समजतंसुद्धा. बोलता येत नाही. मी कानाला लावते, तू बोल." मी सगळं सांगितलं, श्वास न घेता, दोन्ही अर्ज, त्यांचे नंबर, तारीख, स्थगितीचं, मॅडमचं. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि कुठेतरी अंगणात कोंबडी. मग मी विचारलं, "काका, आत थांबू का निघू?"

मग काकी फोनवर आल्या. "पोरी, डावा हात हलवतायत. बोट वर करतायत. पण हो म्हणतायत की नाही, मला काही कळत नाही गो. मी तरी कसं सांगू तुला?" आणि त्या रडायला लागल्या, आणि फोन कट झाला, तिथे रेंज नसते.

स्वरा समोरच बसली होती. म्हणाली, "आई, काका काय म्हणाले?"

मी म्हटलं, "थांबा म्हणाले."